वाघूर

तुमची नायिका मुंबईहून भुसावळला येते,
पान एकशे बारा.
पहाट आहे, ती खिडकीशी बसली आहे,
गाडी तापीच्या पुलावर चढते
आणि ती पर्समधली चिठ्ठी नदीत सोडते.

मी सावद्याचा माणूस.
केळीच्या ट्रकांच्या वजनकाट्यावर बसतो.
मुंबईकडून येताना तापी लागतच नाही, साहेब.
साकेगावजवळ लागते ती वाघूर,
आणि मे महिन्यात तिच्यात
चिठ्ठी नीट भिजेल इतकंही पाणी नसतं.
तापी भुसावळच्या पलीकडे.
आमच्या बाजूला.

तीन पानी पत्र लिहिलं तुम्हाला.
नकाशा काढला, दोन्ही पूल लाल पेनाने दाखवले,
खाली सही: आपला वाचक, खेमचंद बऱ्हाटे.
दोन महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. एकच ओळ:
‘नदी मला हवी होती.’

राग आला, खोटं कशाला बोलू.
उद्या कोणी म्हणेल, दहा टन मला हवे होते,
तर मी पावती फाडून देऊ?
कुमुदने कार्ड उलटसुलट पाहिलं,
‘अक्षर बरं आहे,’ म्हणाली,
आणि चहाच्या डब्यामागे उभं करून ठेवलं.

त्यानंतरही सगळी घेतली.
विहिरीचं घेतलं, त्याची शेवटची चाळीस पानं
मी काट्यावर उभ्याने वाचली,
मागे सात ट्रक हॉर्न देत होते.
वकिलाचं घेतलं, त्यात कोणी बोलत नाही,
जो तो भाषण करतो.
जुळ्या बहिणींचं घेतलं. धाकटीला तुम्ही
निम्म्या पुस्तकात विसरूनच गेलात.
मी शेवटच्या पानापर्यंत वाट पाहिली,
निदान लग्नाच्या पंगतीत तरी तिला बसवाल.
मग ते जाडजूड, ज्यात पुन्हा आई मरते,
त्याच खाटेवर, कंदिलाची काच तशीच काळी.
आणि मी पुन्हा रडलो.
ह्याचा राग जास्त आहे.

वाचनालयात टोपलू अण्णा भंगाळे
माझं नाव मी जिना चढायच्या आत लिहून ठेवतात.
‘कसाले वाचू राह्यला भो त्याले?
खोडं उपटून टाक आता, बाग संपली.’
मी म्हणालो, अण्णा, पिलबाग आहे.
घड लहान येतो, पण गोड असतो.
अण्णा हसले.
मलाही ते तितकंसं पटलं नव्हतं.

काट्यावर आधी रिकामी गाडी घेतो, मग भरलेली.
दांड्याचं वजन वजा, डागी फण्या बाजूला,
बारा ग्राहकांशी बारा भांडणं.
तुमच्या बाबतीत हात चालत नाही.
दांड्यासकट घेतो.

मागच्या महिन्यात कुमुदला मुंबईला नेलं होतं.
गळ्यातली गाठ. तुकडा काढून तपासायला दिला,
रिपोर्ट यायला आठ दिवस.
येताना दोघांनाही झोप नाही.
उजाडायच्या सुमारास भादली गेली,
मग चाकांचा आवाज पोकळ झाला, पूल आला.
खाली नुसती वाळू, एक-दोन डबकी,
डबक्यात उजेड.
घशावर रुमाल धरून तिने विचारलं,
‘आली का तुमची तापी?’
चाळीस वर्षं सावद्यात राहिलेली बाई.
ती खिडकीबाहेर बघत होती, माझ्याकडे नाही.

मी हो म्हणालो.

तिने पिशवीतून रुपया काढला,
कपाळाला लावला, सोडून दिला.
तो कुठे पडला, खडखडाटात काही कळलं नाही.

रिपोर्टचं सोडा, त्याचं चाललंय.

दिवाळीत तुमचं नवीन येतंय म्हणतात,
साडेसहाशे रुपये.
जळगावच्या दुकानात एक प्रत सांगून ठेवली आहे.
काही चुकलं असेल तर लिहीनच,
नकाशासकट.